दोन बोटं बाजूला

पुण्यात आम्हाला दोन दिवस शिकवलं
नवकल्पना कशी मोजायची.
काचेची इमारत, एकाच जिन्यावर सगळं:
तिसऱ्या मजल्यावर ज्याला सुचलं तो,
दुसऱ्यावर पेटंटचा वकील,
पहिल्यावर पैसे लावणारा,
खाली कॅन्टीन. तिथं हे तिघं चुकून एका टेबलाशी बसतात
आणि चहा निवेपर्यंत कंपनी निघते.
खोटं नाही, मी पाहिलं.
चहा तेवढा साठ रुपयांचा होता.

मग मला टॅबलेट दिला, आणि देगलूर तालुका.

मदनूर रस्त्याला, टायरवाल्याच्या मागं
मष्णाजी पांचाळांचं वेल्डिंगचं दुकान.
हळद पॉलिश करायचा ड्रम इथं सगळेच बनवतात,
यांच्या ड्रमात हळकुंड मोडत नाही.
का मोडत नाही? रकाना सहा.

त्यांनी खडूनं फरशीवर गोल काढला.
"समदे आस मधोमध घालतात.
मधोमध घातला की माल नुसता भिंतीला घासत बसतो.
म्या दोन बोटं बाजूला घातला.
आता माल चढतो, पडतो, आपला आपून सोलतो."

किती दिवस लागले?
"तीन सुग्या." चप्पल काढून अंगठा दाखवला, नख नव्हतं.
"पैल्या सालचा ड्रम हितं बसला."

मी टाइप केलं: स्थानिक जुगाड.
ते माझ्या खांद्यावरून वाचत होते.
"जुगाड नका लिहू, ताई.
माप हाय त्याला."
मी खोडलं.

संशोधनावरचा खर्च?
गॅसचे तीन सिलिंडर, एक नख,
आणि मेव्हण्याची चार क्विंटल हळद,
जिचा आधी भुगा झाला, मग भांडण.
रकाना फक्त आकडे घेतो.

सहयोगी संस्था?
"निजामाबादचा यादगिरी."
बेअरिंग उधारीवर देतो, संध्याकाळच्या बसनं पाठवतो.
जाळी केवढी बारीक, तेही त्यानंच सांगितलं,
अर्धं तेलुगूत, अर्धं हातांनी.
यादीत निजामाबाद नाही.
राज्याबाहेर निवडलं,
तर टॅबलेट म्हणाला, करारपत्र जोडा.

परभणीला विद्यापीठ आहे की, मी म्हटलं,
चाचणीला नेलात का कधी?
"नेला ना. टेम्पो करून, फाटे चारला निघून.
सायेब मिटिंगीत होते.
शिपायानं मातर ड्रम फिरवून बघितला,
त्याच्या गावासाठी एक सांगितला."

आणि कुणी चोरलं तर?
"चोरलंच की!" केवढे खूश झाले.
"मुखेडात दोघांनी. बिलोलीत एकानं.
बिलोलीवाल्यानं शहाणपणा केला, तीन बोटं घातला,
ड्रम नाचायला लागला.
मंग इचारायला आला."
तुम्ही सांगितलंत?
त्यांनी माझ्याकडं असं बघितलं
जसं मी विचारलं होतं, पाणी दिलंत का.

त्या रात्री लॉजवर नकाशा उघडला.
पुणे गडद निळं, शाईची दौत सांडल्यासारखं.
जालना थोडं निळसर.
देगलूर पांढरं.
'माहिती नाही' आणि 'काही नाही'
या दोन्हींना एकच रंग आहे,
हे प्रशिक्षणात कुणी बोललं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सह्या घ्यायच्या राहिल्या म्हणून
बसची वाट बघत थांबले होते, दिवेलागणीला.
निजामाबादहून गाडी आली.
ड्रायव्हरनं पायाशी ठेवलेलं गोणपाटाचं गाठोडं उचललं,
इकडंतिकडं बघितलं, मलाच हाक मारली:
"पांचाळाचं दुकान ठाऊक आहे का, म्याडम?"

जड होतं. ग्रीसचा वास येत होता.
टॅबलेट काखेत दाबला
आणि दोन्ही हातांनी घेतलं.